जुन्या डिझेल गाडीत बायोडिझेल: आधी गाडी, मग इंधन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात जुनी डिझेल गाडी चालवणाऱ्या अनेकांच्या हातून बायोडिझेलच्या बाबतीत एकच चूक पुन्हा पुन्हा होते. इंधन मिळाले की ते सरळ टाकीत ओतले जाते. गाडी दोन-तीनशे किलोमीटर व्यवस्थित धावते आणि मग एखाद्या चढावर दम टाकून थांबते. लगेच इंधनाला दोष दिला जातो, इंजिनचा इंधनपंप उघडला जातो, इंधन फवारणारे नोझल बदलले जातात आणि मोठे बिल भरूनही गाडी पुढच्या चढावर पुन्हा थांबते. बहुतेक वेळा खरा दोष टाकीत साठलेल्या जुन्या गाळाचा, कुजत आलेल्या रबरी नळ्यांचा आणि उलट्या क्रमाने केलेल्या कामाचा असतो. म्हणून या लेखात सर्वाधिक भर क्रमावर दिला आहे. येथील कोणताही टप्पा पुढे-मागे करू नये.

## १. आपण नेमके काय भरणार आहोत, हे आधी ठरवावे

बोलताना तीन वेगवेगळ्या पदार्थांना ‘बायोडिझेल’ हे एकच नाव दिले जाते, आणि निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो.

पहिला पदार्थ म्हणजे साधे खाद्यतेल किंवा तळणाचे उरलेले तेल. हे इंधन नाही. ते डिझेलपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट असते, त्याचा फवारा नीट फुटत नाही, नोझलच्या टोकावर आणि पिस्टनच्या कड्यांमध्ये काजळी धरते आणि शेवटी इंजिन ऑइलही घट्ट होते. गाळून घेतले, उन्हात तापवले किंवा डिझेलमध्ये थोडेसेच मिसळले, तरी यात फरक पडत नाही.

दुसरा पदार्थ म्हणजे खरे बायोडिझेल. पाम, करंज, वापरलेले खाद्यतेल किंवा चरबी यांच्यावर मिथेनॉल व अल्कली यांची प्रक्रिया करून, त्यातील ग्लिसरीन वेगळे काढून ते तयार होते. त्याचे भारतीय मानक आयएस १५६०७ हे असून शुद्ध बायोडिझेलला बी-१०० म्हणतात. डिझेलमध्ये २० टक्के मिसळले की बी-२०. बी-६ ते बी-२० या मिश्रणांसाठी आयएस १६५३१ हे वेगळे मानक आहे.

तिसरा पदार्थ म्हणजे नवीकरणीय डिझेल. तेच तेल किंवा चरबी घेऊन शुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजनची प्रक्रिया केली, की रचनेने डिझेलसारखेच असलेले हे इंधन तयार होते. त्यात ऑक्सिजन नसतो, ते पाणी ओढत नाही आणि ते कोणत्याही प्रमाणात डिझेलमध्ये मिसळता येते. परदेशात ते पंपावर मिळते. आपल्याकडच्या पंपांवर ते सुटे मिळत नाही. त्यामुळे आपल्या भागात कोणी ‘नवीकरणीय डिझेल’ म्हणून कॅन पुढे केला, तर त्यात बायोडिझेल आहे की आणखी काही, हे तपासल्याशिवाय घेऊ नये.

पुढील सर्व टप्पे दुसऱ्या पदार्थासाठी, म्हणजे बायोडिझेलसाठी आहेत, आणि जुन्या गाडीत बी-२० च्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावधान: घरी बायोडिझेल तयार करण्याच्या नादी लागू नये. मिथेनॉल विषारी असते, त्याची वाफ सहज पेट घेते आणि त्याची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. शिवाय घरच्या मालात साबण, पाणी आणि मिथेनॉल किती राहिले, हे घरी मोजता येत नाही.

## २. गाडी या कामाला योग्य आहे का?

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ मानक लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा गाळणीचा डबा असतो आणि तो वेळोवेळी जाळून साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते. बायोडिझेल डिझेलपेक्षा उशिरा वाफ होत असल्याने अशा गाड्यांत ते इंजिन ऑइलमध्ये उतरण्याचा धोका अधिक असतो. जुन्या गाड्यांत हा डबा बहुधा नसतो, ही सोय आहे. मात्र त्यांची रबरे आणि टाक्या जुन्या असतात, ही अडचण आहे.

बॉनेट उघडून प्रथम पंप पाहावा. जुन्या जीपगाड्यांत आणि पहिल्या पिढीच्या डिझेल मोटारींत यांत्रिक पंप असतो. त्यातून प्रत्येक नोझलला स्वतंत्र लोखंडी नळी जाते. त्यानंतरच्या कॉमन रेल गाड्यांत सर्व नोझल एका जाड नळीवर जोडलेले असतात आणि त्यांच्या टोकाला विजेच्या तारा असतात. यांत्रिक पंपाची गाडी बी-२० सोसते. कॉमन रेल गाडीचे नोझल अतिशय बारीक अंतराचे असल्याने तेथे बी-१० वरच थांबावे.

त्यानंतर गाडीची आजची प्रकृती लिहून ठेवावी. सलग दोन टाक्या साधे डिझेल वापरून लिटरमागे किती किलोमीटर धावते याची सरासरी काढावी, प्रदूषण तपासणीच्या कागदावरील धुराचा आकडा वहीत उतरवावा आणि पहाटे गाडी किती स्टार्टरमध्ये सुरू होते, हे सलग आठवडाभर पाहावे. ही नोंद कंटाळवाणी वाटेल, पण पुढे ‘सरासरी पडली’ असे वाटू लागले की हीच वही खरे-खोटे सांगते. बायोडिझेलमध्ये प्रति लिटर ऊर्जा डिझेलपेक्षा साधारण ८ टक्के कमी असते. म्हणजे बी-२० मुळे सरासरीत फार तर दीड-दोन टक्क्यांची घट दिसायला हवी. दहा टक्क्यांची घट दिसली, तर तिचे कारण इंधनात नसून गाडीत आहे.

पडताळणी: पंपाच्या खाली किंवा नोझलच्या मुळाशी ओल दिसत असेल, गाडी चालू असताना काळा धूर फेकत असेल किंवा ऑइल पीत असेल, तर आधी ती दुरुस्त करावी. आजारी गाडीवर नवे इंधन सुरू केल्यास पुढे उद्भवलेला दोष कोणाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

## ३. सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

माघ सरल्यावर सुरुवात करावी आणि मृगाच्या पावसाआधी गाडी मिश्रणावर स्थिर झालेली असावी. यामागे दोन कारणे आहेत. बायोडिझेल थंडीत डिझेलपेक्षा लवकर गढूळ होते. पामच्या घट्ट भागापासून किंवा चरबीपासून तयार केलेले शुद्ध बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपासच मेणचट होऊ लागते, आणि बेळगावच्या पौषातल्या पहाटे पारा त्याच्या खाली सहज जातो. दुसरे कारण पावसाचे आहे. बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवते, आणि खानापूर-जांबोटी भागातील पावसाळी हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीच्या आतल्या बाजूला दव धरते.

## ४. टाकी आणि नळ्या

बायोडिझेल उत्तम विद्रावक आहे. पंधरा-वीस वर्षांत टाकीच्या भिंतींवर डिझेलचा जो चिकट थर बसलेला असतो, तो साध्या डिझेलला दाद देत नाही. बायोडिझेल तो हळूहळू सोडवते आणि सुटलेला गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकी आधी धुणे, हे या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे.

पुढील क्रम पाळावा.

१) टाकीतील डिझेल जवळपास संपू द्यावे. गाडी मोकळ्या जागेत, सपाट जमिनीवर उभी करावी आणि बॅटरीची ऋण बाजू सोडवावी.

२) तळाचा ड्रेन बोल्ट काढून उरलेले डिझेल स्वच्छ पांढऱ्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्यावे आणि तासभर निवळू द्यावे. माझ्या जुन्या जीपगाडीच्या टाकीतून निघालेले डिझेल पातेल्यात ठेवले, तेव्हा तळाशी चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी थर आणि त्याच्याखाली बोटभर पाणी उतरले होते. ही गाडी तोपर्यंत साध्या डिझेलवर विनातक्रार धावत होती. आत काय आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही, ते असे.

३) टाकी उतरवावी. इंधनाचा काटा दाखवणारे युनिट काढावे आणि त्याच्या टोकाची बारीक जाळी तपासावी. जाळी फाटलेली किंवा चिकट असेल, तर ती बदलावी.

४) टाकी दोन-तीन लिटर स्वच्छ डिझेलने खळबळून धुवावी. निघणारे डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. पाण्याने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊ नये. सांध्यात राहिलेला थेंबही पुढे गंज धरतो.

५) आतून खवले सुटत असतील, तर टाकी बदलावी. आतून रंग किंवा लेप लावून घेण्याचा सल्ला मिळेल, पण काही लेप बायोडिझेलमध्ये सुटून त्यांचे पापुद्रे थेट जाळीवर येतात.

सावधान: रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करून घेऊ नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ कोंडलेली रिकामी टाकी अधिक धोकादायक असते. धुतलेले घाण डिझेल गटारात, शेतात किंवा विहिरीच्या परिसरात ओतू नये. झाकण बंद डब्यात भरून ते जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

टाकी खाली असतानाच नळ्यांचे काम करावे, कारण त्या वेळी हात सगळीकडे पोहोचतो. नैसर्गिक रबर आणि साधे नायट्राइल रबर बायोडिझेलमध्ये फुगते, मऊ होते आणि शेवटी पाझरू लागते. त्याऐवजी व्हायटन, म्हणजे एफकेएम जातीचे रबर वापरावे. ते महाग असते. पण एका गाडीला लागते ते किती, तर दोन-तीन मीटर नळी आणि मूठभर ओ-रिंग. वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘सगळे सारखेच असते’ असे सांगितले गेले, तर बेळगावच्या उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या वस्तीत हायड्रॉलिकचे सामान विकणाऱ्यांकडे नाव घेऊन मागावे.

मुख्य नळ्या बहुतेक मिस्त्री बदलतात. विसरल्या जातात त्या पुढील जागा: नोझलवरून परत जाणाऱ्या इंधनाची, कापडी विणीची बारीक नळी, टाकीच्या तोंडाजवळची जाड जोडनळी, हवेची नळी, काट्याच्या युनिटखालचे गॅस्केट, फिल्टरच्या वाटीची कडी, आणि इंधन चढवण्याच्या हातपंपातील वॉशर. कोठे पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घातलेली असेल, तर ती प्रथम काढावी. ती काही महिन्यांत काडीसारखी कडक होऊन तडकते. नळी जोडणाऱ्या पोकळ (बँजो) बोल्टखालचे तांब्याचे वॉशर मात्र काळजीचे नाहीत. त्यांचा इंधनाशी संपर्क नगण्य असतो; काढलेच आहेत तर नवे घालावेत.

पंपाच्या आतल्या सीलचा प्रश्न नेहमी विचारला जातो. पंप बाहेरून कोरडा असेल, तर केवळ बायोडिझेलसाठी तो उघडू नये. पुढे कधी कॅलिब्रेशनसाठी उघडला, तर त्या वेळी व्हायटनच्या सीलचा संच मागावा आणि तो बसवल्याचे बिलावर लिहून घ्यावे.

सर्व जोडल्यावर टाकीत पाच-सात लिटर साधे डिझेल घालावे, नवा फिल्टर बसवावा, हवा काढावी आणि गाडी वीस मिनिटे चालू ठेवून प्रत्येक सांधा कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावा.

पडताळणी: या टप्प्यानंतर दोन दिवस गाडी साध्या डिझेलवरच चालवावी. साध्या डिझेलवर ओल दिसली नाही, तरच पुढे जावे.

## ५. इंधन विकत घेताना

केंद्र सरकारच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बी-१०० ची किरकोळ विक्री करता येते, पण त्यासाठी विक्रेत्याकडे राज्याच्या यंत्रणेकडील नोंदणी असावी लागते. कोगनोळी-निपाणीपासून पुढे महामार्गावर ट्रकवाल्यांना डिझेलपेक्षा बरेच स्वस्त म्हणून जे विकले जाते, त्यात औद्योगिक तेल किंवा रॉकेलसदृश पदार्थ असण्याची शक्यता धरावी. यांत्रिक पंपाला वंगण इंधनातूनच मिळते. रॉकेलसारखे कोरडे इंधन गेले, तर पंप आतून खरवडला जातो आणि त्यावर उपाय राहत नाही.

दुकानात तीन गोष्टी मागाव्यात: नोंदणीचा कागद, त्या खेपेचा चाचणी अहवाल आणि पक्के बिल. अहवालावर आयएस १५६०७ हा क्रमांक आणि खेपेचा दिनांक असावा. त्यात पाण्याचे प्रमाण ५०० मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा आणि आम्लांक ०.५० पेक्षा अधिक नसावा. अहवाल देण्यास टाळाटाळ झाली, तर तेथून निघावे.

घरी करता येण्याजोग्या दोन चाचण्या आहेत.

घनता: प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात काचेचा हायड्रोमीटर आणि उंच नळी मिळते. १५ अंश तापमानाला शुद्ध बायोडिझेलची घनता ०.८६ ते ०.९० असते, तर आजच्या पंपावरील डिझेलची ०.८१० ते ०.८४५. उन्हाळ्यात ३० अंशांना दोन्ही आकडे साधारण ०.०१ ने कमी दिसतात. ‘शुद्ध बायोडिझेल’ म्हणून दिलेला माल ३० अंशांना ०.८२ दाखवत असेल, तर तो बायोडिझेल नाही, एवढे निश्चित.

धुण्याची चाचणी: झाकणाच्या पारदर्शक बाटलीत अर्धे पाणी आणि अर्धे बी-१०० घेऊन दहा सेकंद जोराने हलवावे व अर्धा तास ठेवावे. चांगला माल वर स्वच्छ पिवळा आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी, असा वेगळा होतो. मधोमध ताकासारखा पांढरा थर राहिला, तर त्यात साबण उरला आहे किंवा प्रक्रिया अर्धवट झाली आहे. असा माल टाकीत घालू नये. चाचणीचा नमुनाही परत कॅनमध्ये ओतू नये.

साठवण्यासाठी जाड एचडीपीई प्लॅस्टिकचा कॅन घ्यावा. तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यांच्या संपर्कात बायोडिझेल लवकर खराब होते, त्यामुळे घरातील जुना पत्र्याचा डबा या कामासाठी चालत नाही. कॅन गळ्यापर्यंत भरलेला, सावलीत आणि झाकण घट्ट असा ठेवावा. तीन महिन्यांत संपेल एवढेच आणावे.

## ६. मिश्रण आणि त्याचा हिशेब

पहिल्या दोन टाक्या बी-५, पुढच्या दोन बी-१०, आणि सर्व ठीक असेल, तर त्यानंतर यांत्रिक पंपाच्या गाडीत बी-२०. थेट २० टक्क्यांवर उडी घेणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

हिशेबातील चूकही सर्रास होते. २० टक्के हे संपूर्ण टाकीच्या मानाने मोजायचे असतात, आज भरलेल्या इंधनाच्या मानाने नव्हे. समजा, टाकी ४० लिटरची आहे आणि तिच्यात १० लिटर बी-१० शिल्लक आहे. म्हणजे आत आधीच १ लिटर बायोडिझेल आहे. पूर्ण टाकीचे २० टक्के म्हणजे ८ लिटर. त्यातून आधीचा १ लिटर वजा करून ७ लिटर बायोडिझेल घालावे आणि उरलेले २३ लिटर साधे डिझेल भरावे. पंपावरील डिझेलमध्ये मानकानुसार ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल आधीच असू शकते, म्हणून काठोकाठ हिशेब न करता लिटर-अर्धा लिटर कमीच ठेवावा.

ओतण्याचा क्रम असा ठेवावा: प्रथम भरायच्या साध्या डिझेलपैकी निम्मे, मग बायोडिझेल, मग उरलेले डिझेल. बायोडिझेल जड असल्याने ते डिझेलवर ओतले, की खाली उतरताना मिसळत जाते. नरसाळ्याला बारीक जाळी असावी. भरून झाल्यावर गाडी लगेच आठ-दहा किलोमीटर चालवावी. भरून रात्रभर उभी करू नये. कॅन थंडगार असताना ओतू नये. सकाळी तो उन्हात ठेवावा आणि दुपारी भरावे.

सावधान: बायोडिझेल रंगावर सांडले, तर साबणाच्या पाण्याने लगेच धुवावे, रंग मऊ पडतो. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अशा ढिगात हवेशी प्रक्रिया होऊन उष्णता साठते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती बाहेर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून ठेवावीत.

## ७. पहिले हजार किलोमीटर आणि फिल्टर

हे काम सुरू करण्याआधी तीन फिल्टर घरात असावेत. एक टाकी धुतल्यावर बसवण्यासाठी, दुसरा साधारण ५०० किलोमीटरनंतर बदलण्यासाठी आणि तिसरा, योग्य मापाच्या पान्यासह, कायम गाडीत ठेवण्यासाठी. टाकी कितीही मन लावून धुतली, तरी नळ्यांच्या आत आणि कोपऱ्यांत थोडा थर राहतोच, आणि तो याच काळात सुटतो.

या हजार किलोमीटरमध्ये गाडी गावाजवळ वापरावी. चोर्ला घाटातून गोव्याला, आंबोलीला किंवा वऱ्हाड घेऊन रात्रीच्या प्रवासाला ती काढू नये. मी स्वतः हा नियम मोडला होता. टाकी धुतली होती, पण दुसरा फिल्टर ‘पुढच्या रविवारी बदलू’ म्हणून लांबवला, आणि वंटमुरी घाटाच्या चढावर घरची पाच माणसे गाडीत असताना गाडीने ओढ सोडली. सपाटीवर आणि आयडलिंगला इंजिन अगदी शांत चालत होते. पाय दाबला की मात्र घेत नव्हते. जवळच्या गॅरेजने पंप उतरवण्याची तयारी केली होती. फिल्टर काढून त्यातले इंधन स्टीलच्या ताटलीत ओतले, तेव्हा ते काळपट निघाले आणि ताटलीवर बोट फिरवले की वंगणासारखे चिकटत होते. नवा फिल्टर बसवल्यावर गाडी तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली.

लक्षण नीट ओळखावे. आयडलिंग ठीक, पण चढावर किंवा वेगात ओढ नाही, असे असेल तर बहुतेक वेळा फिल्टर तुंबलेला असतो. गाडी सुरू होताना वेळ घेते आणि चालताना मधूनच झटके देते, असे असेल तर एखादा नवा सांधा हवा ओढतो आहे. पंप आणि नोझल यांच्याकडे वळण्याआधी या दोन गोष्टी तपासल्या, तर मोठा खर्च वाचतो.

फिल्टर बदलल्यावर हवा काढण्याची पद्धत अशी आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन फेरे सैल करावा. हातपंप दाबत राहावा. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांसह डिझेल आणि शेवटी सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे. तरीही गाडी सुरू झाली नाही, तर यांत्रिक पंपाच्या गाडीत नोझलवरील एकेक नट किंचित सैल करून स्टार्टर मारता येतो.

सावधान: कॉमन रेल गाडीत नोझलचा किंवा रेलचा नट कधीही सैल करू नये. तेथे वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाब असतो आणि ती सूक्ष्म धार त्वचा भेदून आत जाते. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते, पण ही जखम तातडीने शस्त्रक्रिया करण्याएवढी गंभीर असते.

फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असल्यास या काळात दर २०० किलोमीटरला तो सैल करून चहाच्या काचेच्या ग्लासात थोडे इंधन घ्यावे. तळाशी वेगळा थेंब फिरताना दिसला, तर पाणी आहे. सलग तीन वेळा ग्लास स्वच्छ दिसला, की ही तपासणी महिन्यावर नेता येते.

## ८. इंजिन ऑइल

पिस्टनच्या कड्यांमधून थोडे इंधन नेहमीच ऑइलमध्ये उतरते. डिझेलचा बराच भाग गरम ऑइलमधून उडून जातो. बायोडिझेल उडत नाही, साचत जाते. म्हणून पहिली ऑइल बदली नेहमीच्या निम्म्या अंतरावर करावी. डिपस्टिक दर आठवड्याला पाहावी. ऑइलची पातळी उतरली, तर लोक सावध होतात. ती चढली, तर मात्र कोणी लक्ष देत नाही. चढलेली पातळी म्हणजे ऑइलमध्ये इंधन मिसळते आहे. अशा वेळी वरून ऑइल न घालता संपूर्ण ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलावा आणि कारण शोधावे.

## ९. थंडी, पाऊस आणि उभी राहणारी गाडी

मार्गशीर्षापासून माघापर्यंत मिश्रण बी-५ वर आणावे किंवा बंद ठेवावे. आपले मिश्रण थंडीत टिकते का, हे पाहण्याचा सोपा उपाय आहे. टाकीतल्याच प्रमाणाचे मिश्रण काचेच्या बाटलीत भरून रात्री अंगणात, उघड्यावर ठेवावे आणि सूर्य वर येण्याआधी बाटलीमागे छापील कागद धरून पाहावे. अक्षरे स्वच्छ वाचता आली, तर ठीक. धुके दिसले किंवा तळाशी पांढरा साका आला, तर टाकीत साधे डिझेल घालून प्रमाण त्याच दिवशी कमी करावे.

पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नये. टाकीच्या झाकणाचे रबर या काळात जरूर पाहावे, कारण टाकीत पाणी शिरण्याची सर्वांत सोपी वाट तीच असते.

आपल्याकडे अनेक घरांत गाडी गावी आणि चालवणारा पुण्याला किंवा गोव्याला, अशी स्थिती असते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत गाडी दारात उभी राहते. बायोडिझेलचे मिश्रण टाकीत ठेवून गाडी अशी उभी करू नये. हवेने ते आंबते, आणि पाणी व इंधन यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून काळी, बुळबुळीत साय तयार होते. ती एकदा धरली, की टाकी पुन्हा उतरवावी लागते. गाडी महिनाभराहून अधिक उभी राहणार असेल, तर आधी मिश्रण वापरून संपवावे, मग पेट्रोल पंपावरचे साधे डिझेल काठोकाठ भरावे आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवून ते इंजिनच्या पंपापर्यंत व नोझलपर्यंत पोहोचवावे. हे शेवटचे चालवणे बहुतेक जण गाळतात. त्यामुळे टाकीत साधे डिझेल असले, तरी पंपात जुने मिश्रणच बसून राहते.

## १०. परत साध्या डिझेलवर येताना

कधी माल मिळेनासा होतो, कधी गाडी विकायची असते. परत येताना कोणतीही विशेष प्रक्रिया लागत नाही, मात्र एक गोष्ट पाहावी. जेथे जुने रबर राहून गेले असेल, तेथे ते बायोडिझेलमध्ये फुगून घट्ट बसलेले असते आणि साध्या डिझेलवर आल्यावर आकसते. पुढे कधी आपल्याकडे नवीकरणीय डिझेल मिळू लागले, तर ते भरल्यावरही असेच होऊ शकते, कारण त्यात रबर फुगवणारे ‘ॲरोमॅटिक’ रासायनिक घटक जवळपास नसतात. म्हणून इंधन बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन टाक्यांमध्ये रोज सकाळी गाडी हलवण्याआधी तिच्या खाली जुने वर्तमानपत्र पसरून पाहावे. डाग पडला असेल, तर त्याच्या बरोबर वर पाहत जावे. बहुतेक वेळा तो नोझलवरच्या परतीच्या त्या बारीक कापडी नळीखाली असतो.